एक लाख चोवीस हजार, आणि त्यांतले पंचवीस

१,२४,०००! आदमपासून मुहम्मद पैगंबरांपर्यंत या पृथ्वीवर किती पैगंबर येऊन गेले, असं विचारलं की इस्लामी परंपरेत सर्वांत जास्त सांगितला जाणारा आकडा हा. लाख हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला, त्यामुळे आकडा ऐकून कुणी दचकत नाही. पण तो जरा उलगडून पाहू या. मग कळेल तो केवढा आहे ते.

अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियममध्ये १,३२,००० प्रेक्षक बसतात. क्रिकेटचं याहून मोठं मैदान जगात नाही. ते गच्च भरलेलं डोळ्यांपुढे आणा. त्यातून आठ हजार माणसं बाहेर काढा. उरली ती १,२४,०००. आपलं वानखेडे ३३,००० चं, म्हणजे असे पावणेचार वानखेडे. आता लोकल घ्या. गर्दीच्या वेळी एका गाडीत चार हजार माणसं धरू, खरं तर त्याहून जास्तच कोंबलेली असतात. तरी ३१ लोकल लागतात, दारापर्यंत भरलेल्या! आणि हे पाहा: २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या भरली १,२४,४२,३७३. मुंबईत भेटणाऱ्या दर शंभर माणसांमागे एक, असं हे प्रमाण.

मुंबई-पुणे तर हवंच. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पुणे स्टेशनपर्यंतचा लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. टर्मिनसच्या फलाटावर एक माणूस उभा करा, दीड मीटरवर दुसरा, पुढच्या दीड मीटरवर तिसरा. दादर गेलं, ठाणं गेलं, कल्याण गेलं, रांग चालूच. कर्जतहून ती बोरघाट चढली, खंडाळा-लोणावळा मागे टाकलं, तळेगाव ओलांडलं, चिंचवड ओलांडलं. शेवटचा माणूस उभा राहिला तो १८६ व्या किलोमीटरला. पुणे स्टेशन फक्त सहा किलोमीटरवर!

ही मापं संख्येची आहेत, त्या व्यक्तींची नव्हेत, हे सांगायलाच हवं. मुसलमान माणूस कुठल्याही पैगंबराचं नाव घेतलं की पुढे ‘अलैहिस्सलाम’ म्हणतो, त्यांच्यावर शांती असो म्हणतो. आपल्याला फक्त आकड्याची उंची कळावी म्हणून आपल्याच गजांनी तो मोजायचा आहे.

हा आकडा आला कुठून? कुरआनात तो नाही. तो एका हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या एका नोंदीत, येतो. अबू जर गिफारी नावाचे सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सोबती, मुहम्मद पैगंबरांना विचारतात की नबी एकूण किती झाले. उत्तर येतं, एक लाख चोवीस हजार. त्यांतले रसूल किती? एका कथनात ३१३, दुसऱ्यात ३१५. ढोबळ मानानं सांगायचं तर ज्याला ईश्वराकडून संदेश येतो तो नबी, आणि जो नवा संदेश किंवा नवं धर्मशास्त्र घेऊन लोकांकडे पाठवला जातो तो रसूल. प्रत्येक रसूल नबी असतो, प्रत्येक नबी रसूल नसतो. या हदीसची साखळी, म्हणजे ती एकाकडून दुसऱ्याला सांगत आलेल्यांची परंपरा, किती भक्कम आहे यावर हदीसच्या जाणकारांमध्ये वाद आहेत. काही जुन्या ग्रंथांत दोन लाख चोवीस हजार असाही आकडा येतो. श्रद्धेच्या शास्त्रावर लिहिणाऱ्या जुन्या विद्वानांनी यावर फार शहाणा सल्ला देऊन ठेवला आहे: आकड्याला चिकटू नका. आकडा पक्का केला आणि तो जास्तीचा निघाला, तर पैगंबर नसलेल्यांना तुम्ही पैगंबर मानलं असं होईल. कमी निघाला, तर खऱ्या पैगंबरांना बाहेर ठेवलं असं होईल. सगळ्यांवर श्रद्धा ठेवा, मोजणी ईश्वरावर सोडा. आपण मात्र लोकांच्या तोंडी असलेला १,२४,००० धरून पुढे जाऊ.

आता ३१३ कडे वळू. एक लाख चोवीस हजारांतून ३१३, म्हणजे जवळजवळ ४०० मध्ये एक. आपल्या जुन्या धाटणीच्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ असतात. असे चार डबे भरले की २८८ झाले, उरले २५. आणि २५ हाच तो पुढचा आकडा! कुरआनात नावानिशी उल्लेख येतो तो साधारणपणे २५ पैगंबरांचा. आदम, इद्रीस, नूह, हूद, सालेह, इब्राहीम, लूत, इस्माईल, इसहाक, याकूब, यूसुफ, अय्यूब, शुऐब, मूसा, हारून, दाऊद, सुलेमान, यूनुस, जकरिया, यहया, ईसा... इस्लामी मदरशांत लहान मुलं ही यादी घडाघडा म्हणतात.

पंचवीस! म्हणजे ४,९६० पैगंबरांमागे एकाचं नाव आपल्यापर्यंत पोहोचलं. उरलेले १,२३,९७५? त्यांची नावं कुरआनात नाहीत, आणि कुरआन ही गोष्ट लपवतही नाही. काही पैगंबरांची हकिगत तुला सांगितली, काहींची सांगितली नाही, अशा अर्थाचं विधान त्यात एकाहून अधिक ठिकाणी येतं. समजा ती सगळी नावं आपल्याला मिळाली आणि आपण सेकंदाला एक या गतीनं वाचायला बसलो. पाणी नाही, जेवण नाही, झोप नाही. ३४ तास २६ मिनिटं १५ सेकंद लागतील. सकाळी सहाला मुंबईहून निघणारी गीतांजली एक्स्प्रेस तोवर अख्खा देश ओलांडून हावड्याला पोहोचून फलाटावर केव्हाची उभी असेल. आणि ज्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, ती वाचायला किती वेळ? पंचवीस सेकंद. रेल्वे फाटकावर आपण याहून जास्त थांबतो.

हे सगळे आले कुठे? कुरआनाचं उत्तर छातीठोक आहे: प्रत्येक समाजात सावध करणारा येऊन गेला, आणि प्रत्येक रसूल आपल्या लोकांच्याच भाषेत बोलला. आज जगात सुमारे सात हजार भाषा आहेत. भागाकार करा. भाषेमागे सतरा-अठरा पैगंबर! आजच्या भाषा त्या काळी नव्हत्या हे खरं, पण आकड्याचा पसारा पाहा. अरबस्तान, मिसर (इजिप्त), शाम (सीरियाचा परिसर) इथं मावणारा हा आकडाच नव्हे. मग हिंदुस्थानातही कुणी आले असतील का, हा प्रश्न आपल्याकडच्या मुसलमान विचारवंतांनी टाळलेला नाही. अठराव्या शतकातले दिल्लीचे नक्शबंदी सूफी मिर्जा मजहर जान-ए-जानाँ यांनी आपल्या एका पत्रात तसं स्पष्ट लिहिलं, की या भूमीतही ईश्वरानं आपले दूत पाठवले असतील आणि इथल्या जुन्या सत्पुरुषांविषयी म्हणूनच जपून बोलावं. उलट बाजूनं पाहिलं, तर मराठीत महात्मा फुल्यांनी मुहम्मद पैगंबरांवर ‘मानव महंमद’ ही रचना केली आणि साने गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर पुस्तक लिहिलं. या विषयाकडे मराठी माणूस पहिल्यांदा वळतो आहे असं अजिबात नाही.

काळाचा हिशेब याहून मजेचा. आदमपासून मुहम्मद पैगंबरांपर्यंतचा काळ आपल्या सोयीसाठी दहा हजार वर्षं धरू. वर्षाला १२.४ पैगंबर आले. आणि एका सौर वर्षात अमावस्या किती येतात? १२.३७! प्रत्येक नव्या चंद्रकोरीबरोबर जगात कुठे ना कुठे एक नवा पैगंबर, दहा हजार वर्षं, खंड नाही. काळ आपण मनानं धरला आहे हे विसरू नका. शिवाय परंपरेत एकाच वेळी अनेक पैगंबर हयात असल्याचं सांगतात, इब्राहीम आणि लूत, मूसा आणि हारून, जकरिया, यहया आणि ईसा. पण गती ही अशी.

आता एकाच पैगंबराचा हिशेब करू, आणि इथं मात्र कुरआन स्वतः आकडा देतं. हजरत नूह आपल्या लोकांमध्ये किती काळ राहिले? हजार वर्षांना पन्नास कमी. नऊशे पन्नास वर्षं! इतकी वर्षं ते एकच गोष्ट समजावत होते.

हा काळ आपल्या इतिहासावर मांडून पाहा. समजा कुणी इसवी सन १०७५ मध्ये हे काम हाती घेतलं. दोनशे वर्षं उलटली, १२७५ साली ज्ञानेश्वरांचा जन्म झाला. १२९० ला ज्ञानेश्वरी झाली. हा अजून लोकांना समजावतोच आहे. १६३० ला शिवनेरीवर शिवराय जन्मले, १६७४ ला राज्याभिषेक झाला. समजावणं चालू. १८१८ ला पेशवाई गेली, १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. तो अजून तिथंच, तेच सांगतोय. २०२५ उजाडलं तेव्हा कुठे त्याची ९५० वर्षं भरली. दिवसांत मोजली तर जवळपास ३ लाख ४७ हजार सकाळी, आणि तितक्याच संध्याकाळी.

आणि हाती काय आलं? प्रलय आला तेव्हा तारवात त्यांच्याबरोबर किती माणसं चढली याबद्दल जुने भाष्यकार वेगवेगळे आकडे सांगतात. त्यांतला प्रसिद्ध आकडा ८० चा. ९५० भागिले ८०. बारा वर्षांना एक माणूस! आपल्याकडे नाशिकला सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. एका सिंहस्थापासून दुसऱ्या सिंहस्थापर्यंत रोज बोलायचं, रोज हेटाळणी ऐकायची, आणि शेवटी एका माणसाला पटायचं. मग पुढची बारा वर्षं सुरू करायची. असं एकोणऐंशी वेळा!

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला हजरत यूनुस. माशाच्या पोटात गेलेले हेच ते पैगंबर. कुरआनात त्यांच्याबद्दलही आकडा आहे: त्यांना एक लाख किंवा त्याहून जास्त लोकांकडे पाठवलं होतं. आणि त्या वस्तीनं त्यांचं ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. एक लाख! नूह यांच्या सोबतीच्या ऐंशीची साडेबाराशे पट.

पण मला सर्वांत थक्क करतो तो या दोन्हींच्या पलीकडचा आकडा. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही मोठ्या संग्रहांत असलेल्या एका हदीसमध्ये मुहम्मद पैगंबरांना पूर्वीचे समाज दाखवले गेल्याचं वर्णन आहे. एक नबी छोट्याशा गटासह येतो. एक नबी येतो, त्याच्याबरोबर एक-दोन माणसं. आणि एक नबी येतो, त्याच्याबरोबर कुणीच नाही. शून्य! ईश्वराचा दूत, पूर्ण आयुष्य त्या कामात गेलेलं, आणि अनुयायी शून्य. तरीही तो नबीच. त्याचा दर्जा तसूभरही खाली आलेला नाही. आपण मतं मोजतो, प्रेक्षक मोजतो, खपलेल्या प्रती मोजतो. १,२४,००० च्या या यादीत मात्र नाव आलं ते पाठवणाऱ्याच्या बाजूनं, ऐकणाऱ्यांच्या संख्येचा तिथं संबंध नाही.

म्हणूनच या श्रद्धेत एक अट फार कडक आहे. मानायचं तर सगळ्यांना. ज्यांची नावं माहीत आहेत ते पंचवीस, आणि ज्यांचं काहीच माहीत नाही ते १,२३,९७५, दोघांवर श्रद्धा सारखीच. त्यांतल्या कुणाला मानलं आणि कुणाला नाकारलं, असा फरक करायला कुरआन मनाई करतं. नूह यांच्या लोकांबद्दल कुरआन म्हणतं की त्यांनी रसूलांना खोटं ठरवलं. रसूलांना, अनेकवचनी! समोर आलेले तर एकटे नूह होते. एकाला नाकारणं म्हणजे सगळ्यांना नाकारणं. एका नकाराच्या मागे एक लाख चोवीस हजार नकार उभे राहतात.

आणि ही संख्या आता वाढायची नाही. मुहम्मद पैगंबर अखेरचे, ही इस्लामी श्रद्धेची मध्यवर्ती बाब. १,२४,००१ कधीच व्हायचं नाही. एका हदीसमध्ये त्यांनी हे इमारतीच्या दृष्टान्तानं सांगितलं आहे. कुणी सुंदर घर बांधलं, पण कोपऱ्यातली एक वीट बसवायची राहिली. लोक भोवती फिरतात, वाखाणतात, आणि विचारतात की एवढी एक वीट का बरं राहिली? ती शेवटची वीट म्हणजे मी, असं पैगंबर सांगतात.

ते घर १,२४,००० विटांचं धरू. भट्टीवर एका विटेला आठ रुपये मोजावे लागतात असं समजा. एकूण ९ लाख ९२ हजार रुपये. ट्रकमध्ये चार हजार विटा भरल्या तर ३१ ट्रक. नऊ इंची भिंत तीन मीटर उंच उचलत नेली, तर ती जाते साडेतीनशे मीटरच्या पुढे. एवढं सगळं रचून झालं, ९,९१,९९२ रुपयांच्या विटा लागल्या, आणि काम अडलं आठ रुपयांसाठी! ईसा यांच्यानंतर सुमारे सहाशे वर्षं ती जागा तशीच रिकामी. एकामागून एक इतक्या विटा बसत आलेल्या, आणि मग सहा शतकं गवंड्याचा आवाज नाही. सहाशे वर्षं म्हणजे आजपासून मागे मोजलं तर एकनाथ, तुकाराम, रामदास या सगळ्यांच्या जन्माच्या आधीचा काळ.

मग ६१० साल. मक्केजवळची हिराची गुहा, चाळिशीतले मुहम्मद पैगंबर, आणि पहिली ‘वही’, म्हणजे ईश्वरी संदेश. संदेश आणणारे फरिश्ते जिब्रील. त्यांना पैगंबरांनी मूळ रूपात पाहिलं तेव्हा त्यांना सहाशे पंख होते आणि क्षितिज त्यांनी भरून गेलं होतं, असं हदीस सांगते. सहाशे पंख! आणि या एवढ्या दूतानं आणलेला मजकूर उतरला तो कसा? थेंबाथेंबानं. ६३२ पर्यंत, चांद्रवर्षांनी मोजलेली २३ वर्षं. दिवस झाले सुमारे ८,१५०. कुरआनाच्या आयती, म्हणजे वचनं, रूढ मोजणीनं ६,२३६, शब्द साधारण ७७ हजार. सरासरी काढा. दिवसाला साडेनऊ शब्द! एका साध्या वाक्याएवढे. संदेश खरोखर असा रोजच्या रोज येत नसे. कधी एकदम बरंच काही येई, कधी दिवसेंदिवस काहीच नाही. पण सरासरी एवढी चिमुकली. आणि २३ वर्षांत उतरलेलं हे सगळं आज रमजानच्या एका महिन्यात रात्रीच्या तरावीह नमाजेत उभं राहून पाठ म्हणून पूर्ण केलं जातं. जगभरात, मशिदीमशिदीत, दरवर्षी.

त्या ७७ हजार शब्दांत कुणाचं नाव किती वेळा येतं, ते मोजलं की डोळे विस्फारतात. मूसा १३६ वेळा. इब्राहीम ६९. नूह ४३. ईसा २५, आदमही २५. आणि ज्यांच्यावर हा ग्रंथ उतरला, त्या मुहम्मद पैगंबरांचं नाव किती वेळा? चार! पाचव्यांदा एकदा ‘अहमद’ म्हणून येतं, बस. मूसा यांचं नाव चौतीस पट जास्त वेळा. मरियम यांना बहुतेक विद्वान पैगंबर मानत नाहीत, तरी त्यांचंही नाव ३४ वेळा येतं. शेवटच्या पैगंबराच्या ग्रंथात आधीचेच पैगंबर भरभरून बोलताना दिसतात.

पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी, म्हणजे हदीस, हा वेगळाच डोंगर आहे. इमाम बुखारी जन्मले ८१० मध्ये, वारले ८७० मध्ये. परंपरा सांगते की त्यांनी सहा लाख कथनं चाळली आणि सोळा वर्षं खपून संग्रह पुरा केला. इथं एक खुलासा हवा: एकच वचन दहा वेगळ्या साखळ्यांनी आलं तर ती दहा कथनं धरली जातात. तरीसुद्धा सहा लाख! दिवसाला शंभराच्या वर. झोप न घेता रात्रंदिवस बसलं तर चौदा मिनिटांना एक. आणि त्यांतून ठेवली किती? सुमारे ७,३००, पुनरुक्ती वगळली तर २,६०० च्या आसपास. सव्वादोनशेहून अधिक चाळायची, एक ठेवायची.

अंतरांकडे येऊ. ६२२ साली मुहम्मद पैगंबरांची मक्केहून मदिनेला हिजरत, म्हणजे स्थलांतर, झाली. आजच्या रस्त्यानं हे अंतर सुमारे ४५० किलोमीटर. मुंबईहून पुण्याला जा, परत मुंबईला या, पुन्हा निघा आणि बदलापूरला उतरा. एवढं अंतर, उंटावरून, वाळवंटातून, मागावर माणसं सुटलेली असताना. आज त्याच दोन शहरांमध्ये २०१८ पासून हरमैन रेल्वे धावते, ताशी ३०० किलोमीटरपर्यंत, आणि अडीच तासांच्या आत पोचवते. मेराजच्या, म्हणजे पैगंबरांच्या स्वर्गारोहणाच्या, रात्रीचा प्रवास त्याहून लांबचा: मक्केहून जेरुसलेम, सरळ रेषेत १,२०० किलोमीटरच्या वर, मुंबई-दिल्लीच्या हवाई अंतरापेक्षा थोडं जास्तच. उंटांच्या तांड्याला जायला महिना, यायला महिना. श्रद्धा सांगते, पैगंबर एका रात्रीत जाऊन आले, आणि मधल्या वेळात सात आकाशंही चढून आले.

तिथं आधी आज्ञा झाली ती दिवसाला पन्नास नमाजांची. पन्नास! चोवीस तासांत पन्नास म्हणजे दर २९ मिनिटांच्या आत एक. तीन तासांच्या मुंबई-पुणे प्रवासात सहा वेळा गाडीतून उतरावं लागलं असतं. वाटेत हजरत मूसा भेटले. लोकांचा अनुभव त्यांना दांडगा. तुमच्या लोकांना हे झेपणार नाही, कमी करून घ्या, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. पैगंबर पुन्हा पुन्हा परत गेले, आणि पन्नासाचे पाच झाले. पुण्य मात्र पन्नासांचंच. पंचेचाळीस नमाजांची सवलत, रोजची, प्रत्येक माणसाला, आणि ती मिळाली शतकांपूर्वी होऊन गेलेल्या दुसऱ्या एका पैगंबराच्या शब्दावर!

एका विहिरीचा हिशेब बाकी आहे. इब्राहीम यांची पत्नी हाजरा तहानलेल्या तान्ह्या इस्माईलसाठी सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या धावल्या. एक फेरी सुमारे ४५० मीटरची, सात मिळून तीन किलोमीटरच्या वर, आणि मग जमजम फुटलं, अशी ही कथा. ती विहीर आजही आहे, सुमारे ३० मीटर खोल, आपल्याकडच्या शंभर फुटी विहिरीएवढी. उपसा सेकंदाला जास्तीत जास्त साडेअठरा लिटर. दिवसाला सोळा लाख लिटर! २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी जायची, आठवते? पहिल्या फेरीत दहा वाघिणी होत्या आणि पाच लाख लिटर पाणी. तशा तीन गाड्या भरून वर लाखभर लिटर उरेल, एका दिवसात, एका विहिरीतून, जिथं पावसाचा थेंब दुर्मीळ तिथं.

त्याच इब्राहीम यांच्या हाकेला प्रतिसाद म्हणून २०२३ च्या हजला १८ लाख ४५ हजार लोक जमले. आपल्या मापानं ४६१ लोकल.

आता श्वास रोखून धरा, कारण सर्वांत मोठा आकडा इथं येतो. पुण्यात सूर्य मावळला की सुमारे चार मिनिटांनी मुंबईत मावळतो. तसाच तो पुढे सरकत जातो, आणि त्याच्या पाठोपाठ मगरिबची अजानही सरकते. जकार्ताहून निघालेली संध्याकाळ आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला डाकारपर्यंत पोहोचायला सव्वाआठ तास लागतात. प्रत्येक अजानेत मुहम्मद पैगंबरांचं नाव दोनदा. अजान झाली की नमाज. नमाजेच्या शेवटच्या बैठकीत ‘दरूद-ए-इब्राहीम’ ही प्रार्थना म्हणतात. आपल्याकडे देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी विधिपरंपरेचे, कोकणातले शाफई, पण दरूद दोघांचाही हाच. त्यात मुहम्मद हे नाव चार वेळा आणि इब्राहीम हे नाव चार वेळा.

इब्राहीम हे एकच नाव घेऊ. पाच फर्ज (अनिवार्य) नमाजा, प्रत्येकीत चार वेळा, दिवसाला वीस वेळा. जगात मुसलमान सुमारे २०० कोटी. त्यांतला चौथा हिस्साच पाची नमाजा पढतो असं हिशेबापुरतं धरू, म्हणजे ५० कोटी. ५० कोटी गुणिले वीस. दिवसाला एक हजार कोटी वेळा! हजारो वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका माणसाचं नाव, आजच्या एका दिवसात, एक हजार कोटी वेळा. एका उच्चारावर एक रुपया ठेवला तर संध्याकाळपर्यंत हजार कोटी रुपये, उद्या पुन्हा हजार कोटी, वर्षाला साडेतीन लाख कोटींच्या वर. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागा. सेकंदाला १ लाख १५ हजार वेळा! एकट्या महाराष्ट्राचं गणित हवं असेल तर २०११ च्या जनगणनेत राज्यात मुसलमान होते सुमारे १ कोटी ३० लाख. त्यांचाही चौथा हिस्साच धरला, तरी सेकंदाला साडेसातशे वेळा हे नाव घेतलं जातं.

चौथा हिस्सा जास्त वाटत असेल तर कॅल्क्युलेटर घ्या आणि ५० कोटींच्या जागी तुम्हाला पटेल तो आकडा घाला. अवघे एक कोटी घालून बघा. तरी उत्तर येतं सेकंदाला २,३०० च्या वर.